नवीन माल मागावर चढवण्याआधी: ग्राहकाची गरज शोधण्याचं पुढचं प्रशिक्षण, टप्प्याटप्प्यानं

सोलापुरात नवीन डिझाईन कसं निघतं हे आपल्याला माहीत आहे. बाहेरगावचा व्यापारी मोबाईलवर फोटो टाकतो, "असं काहीतरी करा" म्हणतो, मालक जॉबरला (माग लावणाऱ्या कारागिराला) बोलावतो आणि बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) मागावर चढतो. हल्ली त्याच्या जोडीला सर्व्हेही होतो. टॉवेल मऊ आवडतो की जाड, रंग कोणता, किती पैसे द्याल, असे दहा-बारा प्रश्न व्हॉट्सॲपवर फिरवले जातात आणि उत्तरं "मऊ, जाड, स्वस्त" अशी येतात. तेवढ्यासाठी सर्व्हेची गरज नव्हती.

असे साधे सर्व्हे करून झालेत आणि हाती काही लागलेलं नाही, अशा कारखानदारांसाठी आणि त्यांच्या टीमसाठी हा लेख आहे. समजायला सोपं जावं म्हणून शेवटपर्यंत एकच रचलेलं उदाहरण घेतलंय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी (सुताचे फासे असलेल्या) टॉवेल कारखान्याला पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरच्या लॉजसाठी नवीन टॉवेल काढायचाय. तुमचा माल चादर असो, गणवेश असो की शेंगा चटणी, टप्प्यांचा क्रम हाच ठेवा. बहुतेकांचं काम क्रमातच बिघडतं: नमुना आधी तयार होतो आणि गरज नंतर शोधली जाते.

१. आधी निर्णय लिहा

एका कागदावर एकच ओळ लिहा: "हा अभ्यास झाल्यावर आम्ही अमुक करायचं की नाही ते ठरवू." उदाहरणार्थ, "दिवाळीनंतर चार मागांवर लॉजसाठी वेगळा टॉवेल घ्यायचा, की आहे तोच माल चालू ठेवायचा." "बाजार समजून घ्यायचाय" हा निर्णय होत नाही. त्याखाली दुसरी ओळ लिहा: काय कळलं तर आपण हे काम थांबवू?

मालक म्हणाले, "काहीही निघालं तरी काढणारच," तर अभ्यास करू नका. ते पैसे सुतात घाला.

तपासणी: ही ओळ जॉबरला वाचून दाखवा. त्याच्या मागावर काय बदलणार हे त्याला कळलं, तर ओळ नीट आहे.

२. ग्राहक कोण, ते हातांप्रमाणे मोजा

व्यापारी आणि दलाल तुमचे गिऱ्हाईक आहेत, पण टॉवेल ते वापरत नाहीत. लॉजच्या टॉवेलला किती हात लागतात ते बघा. मालक पैसे देतो, मॅनेजर ऑर्डर सांगतो, रूमबॉय तो खोलीत ठेवतो आणि परत मोजून घेतो, मावशी किंवा लाँड्रीवाला धुतो आणि शेवटी पाहुणा अंग पुसतो. प्रत्येकाची अडचण वेगळी असते. धुणाऱ्याला कुणीच विचारत नाही, आणि टॉवेल किती महिने टिकणार हे बरंचसं त्याच्याच हातात असतं.

किती जणांना भेटायचं? ॲबी ग्रिफिन आणि जॉन हाउझर या संशोधकांनी १९९३ साली यावर केलेलं काम आजही आधाराला घेतात. एकाच प्रकारच्या ग्राहकगटात २० ते ३० जणांच्या स्वतंत्र मुलाखती नीट घेतल्या, तर ९० टक्क्यांच्या आसपास गरजा समोर येतात. दोन तासांच्या एका गटचर्चेतून जेवढं मिळतं, साधारण तेवढं एकेकट्याच्या दोन मुलाखतींतून मिळतं, हेही त्यांनी दाखवलं. म्हणून हॉल घेऊन, नाश्ता मांडून दहा लॉजमालक एकत्र बसवायच्या भानगडीत पडू नका. शिवाय एकाच गावातले धंदेवाले एकमेकांसमोर खरं बोलत नाहीत.

"एकाच प्रकारचा गट" ही अट मात्र पाळा. मंदिराजवळचं दहा खोल्यांचं लॉज, देवस्थानचं मोठं भक्तनिवास आणि हायवेवरचं हॉटेल हे तीन गट आहेत. एक निवडा.

यादीत दोन तऱ्हेची माणसं मुद्दाम घाला. एक, ज्यांनी तुमचा माल घ्यायचं बंद केलं. दोन, ज्यांनी स्वतःच काहीतरी जुगाड केलंय: मजल्याप्रमाणे टॉवेलच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा दोरा घातलाय, मोठा टॉवेल कापून दोन केलेत, ओले टॉवेल वाळवायला खोलीत पंखा लावून ठेवलाय. संशोधक एरिक फॉन हिपल यांनी १९८६ मध्ये अशा ग्राहकांना "लीड युजर" म्हटलं. बाकीच्यांना जी गरज उद्या जाणवेल, ती यांना आज जाणवलेली असते, आणि इतकी की त्यांनी स्वतःचा वेळ घालवून काहीतरी केलेलं असतं.

इशारा: ओळखीच्यांची आणि पाहुण्यारावळ्यांची यादी करू नका. ते तुमचं मन राखतात.

३. जोड्या लावा आणि घरच्या घरी सराव करा

मुलाखतीला दोघं जा. एक बोलेल, दुसरा लिहील. जो सेल्समन एरवी तिथं ऑर्डर आणायला जातो त्याला नेऊ नका. त्याला बघितलं की समोरचा भावाची घासाघीस सुरू करतो.

भाषेकडे लक्ष द्या. मालक मराठीत बोलेल, पण धुणाऱ्या बाई तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील, लाँड्रीवाला दखनी. सोलापुरात अशी जोडी लावणं अवघड नाही, आपल्या कारखान्यातच या भाषा बोलणारी माणसं असतात. लिहिणाऱ्यानं ज्या भाषेत ऐकलं त्याच भाषेतले शब्द आधी उतरवावेत आणि मराठी नंतर करावं.

बाहेर पडण्याआधी तीन सराव करून घ्या:

- सहकाऱ्याला त्यानं शेवटी विकत घेतलेल्या एका वस्तूबद्दल वीस मिनिटं विचारा. "आवडलं का", "कसं वाटतं", "घ्याल का" हे तीन प्रश्न बंद. पहिल्या पाच मिनिटांत सगळे अडकतात. अडकू द्या.
- ग्राहकांची वीस वाक्यं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे खूण करा: गरज, उपाय, तक्रार की नुसतं मत. दोघांनी वेगवेगळं करा आणि मग ताडून बघा.
- एकच रेकॉर्डिंग दोघांनी वेगळं ऐकून गरजा काढा. दोन याद्या फारच वेगळ्या आल्या, तर टीम अजून तयार नाही.

हा तिसरा सराव कंटाळवाणा असतो म्हणून गाळला जातो. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

४. आधी बघा

पहिल्या भेटीत प्रश्न विचारू नका. परवानगी घ्या, खोल्या रिकाम्या होण्याच्या वेळी जा आणि टॉवेलच्या मागं मागं फिरा. कुठं गोळा होतो, कशात भिजतो, पावडर कोणती, ब्लीचिंग किती पडतं, पिळतात की मशीनला लावतात, दोरी कुठं आहे, तिथं ऊन येतं का, घडी कोण घालतं, फाटका टॉवेल शेवटी कशाला वापरतात. मोरीजवळ पडलेलं पोतेरं नीट बघा. तो टॉवेल आधी कुठं फाटला, काठाची शिवण उसवली की मधले फासे ओढले गेले, हे कुठलाही मालक सांगणार नाही.

वेळ नीट निवडा. एक साधा शनिवार-रविवार आणि एक गर्दीचा दिवस. आषाढीच्या आठवड्यात पंढरपुरात जरूर जा, पण लांबून बघायलाच. त्या दिवसांत मॅनेजरला "पाच मिनिटं द्या" म्हणणं बरं नव्हे. तुळजापूरला नवरात्रात तीच गोष्ट.

इशारा: पाहुण्यांचे फोटो नकोत. वस्तूंचे फोटोही विचारून काढा.

५. मुलाखत

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. नेहमी होते ती अशी:

"टॉवेल कसा पाहिजे तुम्हाला?"
"चांगला पाहिजे. मऊ, जाड. भाव जरा बघून घ्या."
"जाड म्हणजे पाचशे जीएसएम चालेल का?"
"चालेल की."

लिहिणारा वहीत नोंद करतो: "५०० जीएसएमला मागणी." (जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे कापडाचं वजन, ग्रॅममध्ये.) मागणी कुणी केलेलीच नाही. आकडा आपण दिला आणि समोरच्यानं मान हलवली.

आता हीच मुलाखत एका ठरावीक दिवसाला धरून:

"मालक, परवाच्या रविवारी पहिली खोली रिकामी झाली, तिथून सांगा. टॉवेल कुठं गेला?"
"कुठं म्हणजे, पोरानं गोळा केले, मागं टाकले."
"मग?"
"मग मावशीनं धुतले. आठला धुतले तर अकराला पार्टी दारात उभी. वाळंनात की ओ. पावसाचं तर विचारूच नका."
"त्या पार्टीला काय दिलं मग?"
"दिले दोन ओलसरच. बाकीच्यांना सांगितलं, मागितला तरच टॉवेल मिळतो."
"मागितला तरच, हे कधीपासून सुरू केलं?"
"त्याचं काय आहे, डाग. बुक्का हो. दर्शन घेऊन येतात, कपाळ पुसतात, काळं होतं. नवीन टॉवेल बाहेर काढायला जीवावर येतंय."

सहा-सात वाक्यांत तीन गोष्टी आल्या: वाळायला लागणारा वेळ, बुक्क्याचा डाग आणि नवीन माल कपाटातच ठेवायची सवय. तिसरी सगळ्यात महागाची आहे. कपाटातला टॉवेल वापरात येत नाही, झिजत नाही, म्हणून पुढची ऑर्डरही येत नाही. "टॉवेल कसा पाहिजे" असं वर्षभर विचारलं असतं तरी हे बाहेर आलं नसतं.

काही नियम:

घडून गेलेलं विचारा, पुढचं नको. "घ्याल का?" याला आपल्याकडे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. त्याऐवजी: मागचे टॉवेल कधी घेतले, डझनाला काय भाव लागला, दुकानात आणखी काय दाखवलं होतं, ते का सोडलं, ठरवलं कुणी.

"का?" जपून वापरा. "तुम्ही असं का करता?" म्हटलं की माणूस सफाई द्यायला लागतो. "त्याआधी काय झालं?", "मग काय केलंत?" यातून कारण आपोआप येतं.

गप्प बसा. उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाच आकडे मोजा. वरच्या संभाषणात बुक्का अशाच शांततेत निघू शकतो.

तुमच्याच टॉवेलला नावं ठेवली, तर खुलासा करू नका. "ती लॉट खराब आली होती" हे वाक्य तोंडातून निघालं की समोरचा उरलेलं सांगत नाही.

नमुन्याची पिशवी गाडीतच राहू द्या. टॉवेल दिसला की हात लावून बघणार, "मऊ आहे" म्हणणार, आणि मुलाखत संपली.

मावशींशी मालकासमोर बोलू नका. मालकाची परवानगी घ्या आणि दोरीपाशी जाऊन बोला. रेकॉर्डिंग करायचं असेल तर कशासाठी ते सांगून विचारा. नको म्हणाल्या तर फोन खिशात.

आणि चहा नाकारू नका. वही मिटून चहा घेताना माणूस सैल होतो आणि खरं ते तेव्हाच सांगतो. लिहिणाऱ्यानं ते लक्षात ठेवायचं आणि गाडीत बसल्या बसल्या उतरवायचं.

एका दिवसात दोन मुलाखती पुरेत, फार तर तीन. पंढरपूर सत्तरेक किलोमीटरवर आहे, गेल्यासारखं सहा उरकून यावं असं वाटतं. सहाव्या मुलाखतीत तुम्ही ऐकत नसता, पहिल्या पाचांतलं पुन्हा वदवून घेत असता.

तपासणी: वहीचं पान बघा. तुमचे शब्द त्यांच्या शब्दांपेक्षा जास्त असतील, किंवा पानावर एकही तारीख-वार-वेळ नसेल, तर ती मुलाखत मोजू नका.

६. गरजेचं वाक्य बनवा

त्याच दिवशी रात्री करा. दुसऱ्या दिवशी आठवणीत तुमचं मत मिसळलेलं असतं.

वाक्यात तीन भाग हवेत: काय कमी किंवा जास्त व्हावं, कुणासाठी आणि कोणत्या प्रसंगी. जसं: "पावसाळ्यात, धुतल्यापासून पुढचा पाहुणा येईपर्यंत टॉवेल ओला राहण्याची शक्यता कमी व्हावी." किंवा, "पाळी बदलताना टॉवेल मोजायला रूमबॉयला लागणारा वेळ कमी व्हावा." बाजूला त्या माणसाचे मूळ शब्द जसेच्या तसे ठेवा.

चाळणी सोपी आहे. वाक्यात सूत, रंग, वजन, साईज, मशीन यांपैकी काही आलं, तर तो उपाय आहे, गरज नव्हे. "चांगला", "दर्जेदार", "परवडणारा" हे शब्द आले तर वाक्य फाडून टाका.

हा फरक का एवढा ताणायचा? समजा एक लॉजवाला म्हणतो, पांढराच टॉवेल द्या. शेजारचा म्हणतो, गडद चॉकलेटी द्या. सर्व्हेच्या कोष्टकात या दोन उलट मागण्या दिसतात आणि मालक दोन्ही रंगांचा माल काढून मोकळे होतात. पण पांढरा मागणारा ब्लीचिंग वापरतो. पांढऱ्यावर ते बिनधास्त टाकता येतं, रंगीत टॉवेल त्यानं विटतो. चॉकलेटी मागणाऱ्यानं डाग काढायचा नाद सोडलाय, त्याला तो लपवायचाय. दोघांची गरज एकच: "आधीच्या पाहुण्याचा डाग पुढच्या पाहुण्याला दिसण्याची शक्यता कमी व्हावी." आता तुमच्यापुढे दोन रंगांपेक्षा जास्त वाटा आहेत. ब्लीचिंगमधल्या क्लोरीनला टिकणारे वॅट रंग (पक्क्या रंगांचा एक प्रकार) वापरता येतील. कपाळ पुसायला वेगळा, छोटा, गडद नॅपकिन देता येईल. टॉवेलचा एकच पट्टा गडद विणता येईल. तुळजापुरात मामला आणखी निराळा, कारण हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि मावशी तो कुंकवाचा समजून घासत बसतात.

तपासणी: प्रत्येक वाक्यासाठी निदान तीन वेगळे उपाय सुचले पाहिजेत. एकच सुचत असेल, तर तुम्ही उपायच गरजेच्या भाषेत लिहिलाय.

७. चिठ्ठ्यांचे गठ्ठे

एका चिठ्ठीवर एक वाक्य. सगळ्या फरशीवर पसरा आणि न बोलता, जवळच्या वाटतील त्या एकत्र सरकवा. ही जपानचे जिरो कावाकिता यांची पद्धत, केजे नावानं ओळखतात. "किंमत, दर्जा, डिलिव्हरी" अशी खोकी आधी आखू नका, गठ्ठा झाल्यावर नाव द्या. एकटी पडलेली चिठ्ठी कुठंतरी कोंबू नका, ती बाजूला राहू द्या. पंखा बंद ठेवा.

८. आता मोजा

सर्व्हेची वेळ आत्ता आली. निवडलेल्या पंधरा-वीस गरजा घेऊन त्याच गटातल्या जास्त लोकांकडे जा आणि प्रत्येक गरजेला दोनच प्रश्न विचारा: हे तुम्हाला किती महत्त्वाचं, आणि आत्ताच्या मालानं ते किती भागतं. दोन्हीला १ ते ५ गुण. हिशोबाची पद्धत टोनी उल्विक यांची: ४ किंवा ५ गुण देणाऱ्यांचं प्रमाण १० पैकी काढा, मग महत्त्व अधिक (महत्त्व वजा समाधान). कंसातलं उत्तर उणे आलं तर शून्य धरा.

समजा ४० जणांना विचारलं. "पुढच्या पाहुण्याआधी वाळणं" ३४ जणांना महत्त्वाचं, म्हणजे ८.५. त्यावर समाधानी १२, म्हणजे ३. गुण: ८.५ + ५.५ = १४. "स्पर्शाला मऊ लागणं" ३० जणांना महत्त्वाचं, ७.५. समाधानी ३२, म्हणजे ८. गुण: ७.५ + ० = ७.५. मऊपणा लोकांना हवाय, पण तो त्यांना मिळतोच आहे. त्यावर आणखी पैसे घालून कुणी तुमच्याकडे वळणार नाही. १० च्या वर गेलेल्या गरजांकडे आधी बघा.

इशारा: ४० माणसांत एखाद्या गुणाचा फरक हा फरक नव्हे. १४ आणि १३ ला सारखंच धरा. मालक आणि मावशी यांचे गुण एकत्र करून सरासरी काढू नका, कुणाचीच गरज उरत नाही.

काही गोष्टी या हिशोबात फसवतात. रंग न जाणं हे सगळे महत्त्वाचं म्हणतात, पण तेवढ्यासाठी कुणी जास्त भाव देत नाही. तो गेला तर मात्र गिऱ्हाईक तुटतं. अशा ठिकाणी नोरिआकी कानो यांची १९८४ ची जोडप्रश्नाची पद्धत लावा: "हे असेल तर कसं वाटेल?" आणि "नसेल तर कसं वाटेल?" असेल तर काही विशेष नाही आणि नसेल तर चालणारच नाही, असं उत्तर आलं की ती मूलभूत अट समजा. ती पाळायचीच, जाहिरात तिची करायची नाही.

९. नमुना, आणि तोही कमी खर्चात

आता पिशवी गाडीतून बाहेर काढा. पण पूर्ण नवीन बीम भरू नका. चालू बीमवर पाईलची (फाशांची) उंची कमी करून किंवा बाणा (आडवं सूत) बदलून काय साधतं ते आधी जॉबरला विचारा. वाळण्याचा प्रश्न असेल, तर बऱ्याचदा वजन उतरवूनच सुटतो, आणि "जाड पाहिजे" म्हणणारा लॉजवालाही तो टॉवेल अकरा वाजता कोरडा मिळाल्यावर जाडीचं नाव काढत नाही.

एका लॉजला एक-दोन डझन द्या. कोपऱ्यात खुणेचा दोरा घाला आणि तीन-चार आठवडे त्यांच्याच पद्धतीनं धुऊ द्या. धुण्याची "योग्य पद्धत" शिकवायला जाऊ नका, ते तसं धुणार नाहीत. परत गेल्यावर मत विचारण्याआधी मोजा: किती वापरात आहेत, किती कपाटात, किती पोतेरं झाले.

"छान आहे, ठेवून जा" ही ऑर्डर नाही. पुढच्या पाच डझनांचा आगाऊ पैसा मागा, थोडा का होईना. त्या वेळी जे बोलणं होईल तेही वहीत घ्या.

नमुना नापास झाला तर सहाव्या टप्प्यावर या: गरज तीच ठेवा, उपाय बदला. नमुना पास झाला पण पैसे कुणी काढत नसेल, तर दुसऱ्या टप्प्यावर जा. बहुधा ज्याची गरज भागली आणि ज्याच्या हातात पैसे आहेत, ती दोन वेगळी माणसं आहेत, आणि दुसऱ्याची मुलाखत अजून व्हायचीय.